आशाताईंच्या फॉर्ममधला एक प्रश्न

पिरंगुटहून घोटावड्याकडे निघालं की वाटेत भरे लागतं. मुळशी तालुक्यातलं हे गाव पुण्याच्या इतकं कवेत आलंय, की भातखाचरं, कंपन्यांची आवारं आणि प्लॉटिंगच्या पाट्या एकाच नजरेत बसतात. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, टाळता येतो का या प्रश्नावर लिहायचं तर अशाच गावाला समोर ठेवून लिहावं, असं मला वाटतं. शहरातली चर्चा बदाम, शब्दकोडी आणि मेमरी क्लिनिक यांच्यापुढे फारशी सरकत नाही. गावात मात्र मीठ, चूल, हेल्मेट, मुलींची शाळा आणि म्हाताऱ्यांचे कान यांच्यापर्यंत जावंच लागतं.

पुढचा संवाद दोन भूमिकांचा आहे. मामा पिरंगुटच्या एका कारखान्यात प्रेसवर काम करून निवृत्त झालेले, आईचा स्मृतिभ्रंश घरात सोसलेले. भाची सामुदायिक वैद्यकशास्त्र शिकलेली डॉक्टर. मी त्यांना नावं दिलेली नाहीत. असे मामा आणि अशी भाची मुळशीत बऱ्याच घरांत भेटतील.

मामा : तुझ्या आजीचं काय झालं ते तू बघितलंस. दिवेलागण झाली की पदर खोचून निघायची. खाचरात पाणी सोडायचंय म्हणायची. ते खाचर विकून जमाना झालेला, तिथं कंपनीची भिंत. भिंतीला हात लावत लावत बांध शोधायची. आणि तू म्हणतेस हे टाळता येतं! कशानं टळलं असतं? बाईनं जन्मभर गुडघाभर चिखलात भात लावला, नाचणीची भाकरी खाल्ली. आणखी काय करायचं होतं तिनं?

भाची : आजीचं टळलं असतं असं मी म्हणणारच नाही, मामा. एका माणसाबद्दल तसं कुणालाच सांगता येत नाही. मी गावाबद्दल बोलतेय. शंभर जणांना पुढं जाऊन हा आजार होणार असेल, तर त्यातल्या किती जणांचा टाळता किंवा लांबवता येईल, एवढंच मोजता येतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं त्यासाठी तज्ज्ञांचा आयोग नेमला. 2017 मध्ये त्यांनी 9 कारणं काढली, 2020 मध्ये 12, आणि 2024 मध्ये 14. ही सगळी कारणं जगातून नाहीशी झाली, तर सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा पुढं ढकलला जाईल, असा त्यांचा हिशेब आहे.

मामा : सगळी नाहीशी झाली तर. हे 'तर' फार मोठं आहे, पोरी.

इथं मी मामांच्या बाजूचा आहे. 45 टक्के हा आकडा बातम्यांत येतो तेव्हा चौदा गोष्टी पाळणाऱ्या माणसाचा धोका निम्मा होतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. तो चुकीचा आहे. हा साऱ्या लोकसंख्येचा हिशेब आहे, आणि ही चौदाही कारणं खरोखर कारणं आहेत असं धरून मांडलेला आहे. उरलेला मोठा हिस्सा वय, आनुवंशिकता आणि अजून न कळलेल्या गोष्टींचा. वय हा सगळ्यात मोठा धोका, आणि त्याला कुणाचा इलाज नाही.

मामा : आमच्या लहानपणी गावात असं कुणी नव्हतं. हे तुमच्या नव्या जगण्याचं देणं आहे.

भाची : थोडं आहे, पण सगळं नाही. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशाचं सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं. बाळं दगावायची म्हणून सरासरी इतकी खाली, हे खरं. पण सत्तरी-ऐंशी गाठणारेही थोडेच होते. आणि जे गाठायचे त्यांना म्हातारचळ लागला म्हणून सोडून द्यायचे. खेडी या आजारापासून सुरक्षित आहेत असं बरीच वर्षं मानलं गेलं. 2023 मध्ये देशभरातल्या पाहणीवरून अंदाज आला, की साठीपुढच्या शंभरातल्या सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. शहरांपेक्षा खेड्यांत जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त.

मामा : खेड्यात जास्त? मोकळी हवा, कष्टाचं अंग, आणि वर खेड्यात जास्त?

भाची : आजीचंच बघा. शाळेचं तोंड पाहिलं नाही. चाळीस-पन्नास वर्षं चुलीपुढं धूर खाल्ला. सकाळ-संध्याकाळ मिश्री लावली. यादीत बिडी-सिगारेट आहे, मिश्री नाही, पण तिच्यातलं निकोटीन रक्तदाब चढवतं. तिचा रक्तदाब पहिल्यांदा मोजला तो मोतीबिंदूच्या वेळी, आणि तोपर्यंत तो किती वर्षं वाढलेला होता कुणास ठाऊक. शेवटी शेवटी ऐकू येईना म्हणून ती चार बायकांत बसायची बंद झाली. अल्पशिक्षण, हवेतला धूर, रक्तदाब, बहिरेपण, नीट न दिसणं, एकटेपण. सहा कारणं झाली, मामा, आणि आजीनं आयुष्यात एकही चैन केली नव्हती.

मामा : म्हणजे आमचीच चूक. आईला आम्ही नीट ठेवलं नाही, असंच ना?

भाची : अजिबात नाही. मुलींसाठी शाळा नव्हती हा आजीचा दोष? गॅस उशिरा आला हा तुमचा? या यादीतल्या बहुतेक गोष्टी माणूस निवडत नाही, त्या त्याच्या वाट्याला येतात. म्हणूनच 'तुम्ही असं वागा' एवढं सांगून हा आजार कमी होणार नाही. गाव बदललं तर होईल.

संवाद इथून खऱ्या अर्थानं सुरू होतो. प्रतिबंधाची भाषा चटकन उपदेशाची होते आणि उपदेशाच्या पोटात दोषारोप असतो. ज्या घरानं असा रुग्ण सांभाळलाय, त्याला 'हे टाळता आलं असतं' हे वाक्य जखमेवर मीठ चोळल्यासारखं लागतं. जेफ्री रोज या इंग्लंडमधल्या साथरोगतज्ज्ञानं 1985 मध्ये एक मुद्दा मांडला, तो इथं फार कामाचा आहे. मोठा धोका असलेली माणसं थोडी असतात; किंचित धोका असलेली असंख्य. त्यामुळे आजाराचे जास्त रुग्ण या किंचित धोक्यावाल्या गर्दीतूनच येतात. दहा जणांना धरून त्यांचा रक्तदाब खूप उतरवण्यापेक्षा साऱ्या गावाचा थोडासा उतरला, तर गावाचा फायदा मोठा होतो. मात्र त्या फायद्यात 'मी वाचलो' असं कुणालाच म्हणता येत नाही. मामांचा पुढचा प्रश्न नेमका तोच होता.

मामा : वाचलेला माणूस दाखव मला. आजारी माणूस दिसतो, त्याच्यासाठी पैसे मागता येतात. न झालेला आजार कुठं दिसतो?

भाची : माणूस दिसत नाही, मोजणीत दिसतो. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाचं शहर आहे. तिथल्या लोकांची 1948 पासून पिढ्यान्‌पिढ्या तपासणी चालू आहे. 1970 च्या दशकापासून पुढं दर दशकात तिथं स्मृतिभ्रंशाच्या नव्या रुग्णांचं प्रमाण सुमारे 20 टक्क्यांनी घटत गेलं. स्मरणशक्तीची गोळी कुणी दिली नव्हती.

मामा : मग कशानं घटलं?

भाची : नक्की एकच कारण सापडलेलं नाही. त्या काळात रक्तदाबावरचे उपचार सुधारले, पक्षाघात कमी झाले. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ही घट फक्त निदान शालेय शिक्षण पुरं झालेल्यांत दिसली. ज्यांची शाळा अर्ध्यात सुटली, त्यांच्या वाट्याला ती आली नाही.

मामा : अमेरिका राहू दे. गावातलं काही सांग.

भाची : चीनमधली 326 खेडी घ्या. चाळिशीपुढचे, रक्तदाब असलेले जवळजवळ 34 हजार लोक. निम्म्या गावांत नेहमीसारखं चालू ठेवलं. उरलेल्या निम्म्यांत गावच्याच साध्या डॉक्टरांनी, मोठ्या तज्ज्ञांनी नव्हे, ठरलेल्या पद्धतीनं गोळ्या दिल्या, मात्रा वाढवत नेली, लोकांना घरी रक्तदाब मोजायला शिकवलं. चार वर्षांनी त्या गावांत स्मृतिभ्रंश 15 टक्क्यांनी कमी निघाला. 2025 मध्ये हे प्रसिद्ध झालं. अमेरिकेत 2023 मध्ये अल्झायमरवरच्या ज्या औषधाला मंजुरी मिळाली, त्याची तिथली किंमत वर्षाला साडेसव्वीस हजार डॉलर, आणि त्यानं आजार फक्त मंदावतो. रक्तदाबाची गोळी सरकारी केंद्रात फुकट मिळते.

मामा : मिळते तेव्हा मिळते. संपली की पुढच्या महिन्यात या म्हणतात. माणूस रोजगार बुडवून किती हेलपाटे घालणार? त्याला बरं वाटत असतं, तो गोळी सोडून देतो.

मामांचा हा मुद्दा मला चौदा कारणांच्या यादीपेक्षा मोलाचा वाटतो. उच्च रक्तदाब दुखत नाही, म्हणून गोळी घराजवळ आणि न चुकता मिळाली तरच ती घेतली जाते. देशात हे करून पाहिलेलं आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम नावाचं काम 2017 च्या अखेरीस सुरू झालं, आणि महाराष्ट्रात त्याची सुरुवात सातारा, भंडारा, वर्धा आणि सिंधुदुर्ग या चार जिल्ह्यांत झाली. साधी ठरलेली औषधं, महिनाभराची गोळी एकदम, आलेल्या-न आलेल्यांची नोंद, आणि उपकेंद्रापर्यंत पुरवठा. यात चमकदार काहीच नाही. स्मृतिभ्रंशाचं नावही त्या कामात नव्हतं. तरी या आजाराविरुद्ध आपल्याकडे झालेलं सर्वांत ठोस काम तेच आहे, असं माझं मत आहे.

मामा : बरं, साखरेचं काय? आमच्या अंगावर चरबी नाही, आम्हाला कसली साखर!

भाची : हेच पुण्यातल्या एका डॉक्टरांनी खोटं ठरवलंय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापून आला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. आपण सडसडीत दिसतो, चरबी आत असते. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांतही त्यांना तेच आढळलं. जन्मतः लहानखुरी, पण अंगात चरबी टिकवून धरलेली. त्यात आता भातलावणीला यंत्र आलं, रान विकलं गेलं, दारात गाडी आली. शरीर जुनंच, आणि हालचाल थांबली. मधुमेह आला की मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांवर तो परिणाम करतो.

मामा : काय म्हणालीस? कसल्या वाहिन्या?

भाची : रक्तवाहिन्या. मामा, हेही त्यात आहे. कान.

मामा : प्रेसवर उभं राहून गेलेत ते. सगळ्यांचेच जातात. कानाला मशीन लावायला मी काय म्हातारा झालो?

भाची : चौदा कारणांत सगळ्यात मोठा वाटा दोघांचा आहे, प्रत्येकी 7 टक्के. एक मध्यमवयातलं वाईट कोलेस्टेरॉल, दुसरं बहिरेपण. ऐकायला धडपडावं लागलं की मेंदूची ताकद तिथंच खर्च होते. मग माणूस बोलणं टाळतो. सप्ताहाला जातो, पण मागं बसतो. कीर्तन कळत नाही, मग जाणंही थांबतं.

मामा : मशीन लावलं की हे थांबतं? सिद्ध झालंय?

भाची : पुरतं नाही. अमेरिकेत सत्तरीपुढच्या 977 जणांवर तीन वर्षं प्रयोग झाला, 2023 मध्ये निष्कर्ष आले. सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण जवळजवळ निम्म्यानं मंदावली.

मामा : म्हणजे सगळ्यांना फायदा नाही. हे आधी सांगत जा.

भाची : सांगितलं ना! आणि डोक्याला होणारा फायदा बाजूला ठेवा. सप्ताहात पुढं बसून कीर्तन ऐकू येणं, एवढ्यासाठी मशीन लावायला काय हरकत आहे?

पैशांचा प्रश्न मात्र राहतो. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून 2024 पासून 65 वर्षांपुढच्या, दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या नागरिकाला चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी एकदा 3000 रुपये मिळतात. चांगल्या श्रवणयंत्राची किंमत त्याच्या कितीतरी पट असते. कानाची तपासणी, यंत्र नीट बसवणं, बॅटरी, दुरुस्ती, हे सगळं पुन्हा वेगळं. आणि प्रेस-शॉपमध्ये आज उभ्या असलेल्या पोरांचे कान वाचवायचे तर यंत्र वाटण्याच्या आधी कारखान्यात कान झाकायची साधनं आणि नियमित तपासणी हवी. ती जबाबदारी मालकाची आहे, कामगाराच्या नातवाची नव्हे. तीच गोष्ट पाळी सुटल्यावर पौड रस्त्यानं हेल्मेटशिवाय सुसाट जाणाऱ्या दुचाकींची. डोक्याला लागलेला जबर मारही त्या चौदा कारणांच्या यादीत आहे.

मामा : हे सगळं कोण करणार? तुझं मेमरी क्लिनिक पुण्यात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

भाची : क्लिनिकचं मी बोलतच नाहीये. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात, सीबॅक म्हणतात त्याला. तुमचाही भरलाय. त्यात काय काय विचारलं आठवतं? तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आठवड्याला किती वेळ अंगमेहनत, नजर अंधूक आहे का, ऐकू कमी येतं का, घरात चूल आहे की गॅस, कशात मन लागतं का, उदास वाटतं का. आणि साठीपुढच्यांना आणखी एक : जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का. आजारही त्यात आहे आणि त्याची निम्म्याहून जास्त कारणंही. फक्त त्यांची सांगड कुणी घातली नाही.

मामा : फॉर्म भरला. ऐकू कमी येतं असं मीच सांगितलं. पुढं काय झालं? कुणी आलं? फॉर्म फायलीत गेला.

भाची : हे मी नाकारत नाही.

मामा : आणि जे आजारी पडून बसलेत त्यांचं काय? सगळा पैसा पुढं होणाऱ्या आजारावर घाला, आणि घरात जी बाई रात्र रात्र जागतेय तिला वाऱ्यावर सोडा! तुझी मामी आईमागं अंधारात त्या भिंतीपर्यंत धावायची. सप्ताह सुटला, माहेर सुटलं.

भाची : त्या सगळ्या वर्षांत मामीचा रक्तदाब कुणी मोजला?

मामा : नाही. वेळ कुठं होता?

भाची : मग मामी कुठल्या यादीत गेली? झोप नाही, माणसांत जाणं नाही, मनावर ओझं, औषध नाही. आजीची सेवा करता करता मामीच्या अंगाला तीच कारणं चिकटली. आजीसाठी दिवसातले चार तास कुणी बसायला मिळालं असतं, तर तो मामीचा प्रतिबंध झाला असता. तुम्ही म्हणता ती काळजी आणि मी म्हणते तो प्रतिबंध, यांचे पैसे वेगळे काढायचं कारणच नाही.

मामा : हे पटलं. पण मग तुझ्या यादीत सुनांचं नाव वर घाल.

मलाही हे पटलं. इतका वेळ दोघांचा वाद आजारी आणि निरोगी अशा दोन गटांवरून चालला होता, पण घरात असे दोन गट नसतात. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण सांभाळणारी पन्नाशीची सून ही पुढच्या पिढीतली धोका असलेली व्यक्ती आहे, आणि आरोग्यसेवेची कुठलीही नोंद तिला तशी ओळखत नाही. माझ्या मते मुळशीसारख्या तालुक्यात कामाला सुरुवात तिच्यापासून व्हावी. आशाताई रुग्णाच्या दारात जातातच. त्याच भेटीत तिचा रक्तदाब आणि साखर बघायला वेगळी योजना लागत नाही.

त्यापुढचं काम लांब पल्ल्याचं आहे. आज भऱ्यातल्या शाळेत जाणारी मुलगी दहावीनंतरही शिकत राहिली, तर त्याचा मेंदूला होणारा लाभ 2080 च्या आसपास मोजायला मिळेल. इतक्या लांबच्या लाभासाठी कुणी मतं मागत नाही. पण रक्तदाबाचं काम तसं नाही. चिनी खेड्यांत फरक चार वर्षांत दिसला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या एका मुदतीच्या आत.

म्हणून वाचकांना एक विनंती. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, यांतली जी ग्रामसभा पुढं येईल तिला जा आणि उभं राहून विचारा : गावात तिशीपुढच्या किती जणांचा रक्तदाब या वर्षी मोजला, त्यातल्या किती जणांना न चुकता गोळी मिळते, आणि फॉर्ममध्ये ऐकू कमी येतं किंवा नावं विसरतात असं ज्यांनी सांगितलं त्यांचं पुढं काय केलं. उत्तर सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या, आणि पुढच्या ग्रामसभेत तेच प्रश्न पुन्हा विचारा.